जुलै-ऑगस्ट सोडून

नवापूर, ११ मे

भाविका,

'प्रिय' लिहायला पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. आठ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आता एकदम प्रिय लिहिलं तर तूच हसशील. म्हणून नुसतं नाव.

तुझा कागद सापडला. तुझ्या आईच्या बाराव्यानंतर तू शिमल्याला परत गेलीस, तेव्हा चहाच्या डब्याखाली ठेवला असशील. मी डबा उचलतो, चहा टाकतो, डबा ठेवतो. खाली बघायचं मला कारण नव्हतं. काल मुंग्या झाल्या म्हणून शेजारून जयवंती वहिनी आल्या, फळी पुसायला घेतली आणि कागद माझ्या हातात दिला. तीन महिने तो तिथे पडून होता. म्हणजे बाबाने उत्तरसुद्धा दिलं नाही, असं तू धरून चालली असशील. या एका बाबतीत माझा दोष नाही, एवढं आधी सांगून ठेवतो.

कागद छापील आहे. वर तुमच्या तीन खोल्यांच्या लॉजचं नाव आणि पत्ता, खाली हिंदीत पाहुण्यांसाठी अकरा सूचना. गरम कपडे आणा, पहिल्या दिवशी चढ चढू नका, माकडांपासून चष्मा सांभाळा. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना देता तोच कागद बापाला. रागाने घडी घालून ठेवणार होतो, इतक्यात खाली पेनाने लिहिलेली तुझी ओळ दिसली. 'बाबा, जुलै-ऑगस्ट सोडून कधीही ये.'

त्या ओळीसाठी हे पत्र आहे. तू विश्राम तांडेलाची मुलगी. दर्यावरच्या माणसाला सवड कधी असते हे तुला कोणी शिकवायला नको. एक जूनला मासेमारीची बंदी लागते. जून होडी वर ओढण्यात, ती शाकारण्यात, जाळी धुऊन बांधण्यात जातो. उरतो तो जुलै. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की आम्ही परत पाण्यात. दाढ काढायची असो, सोयरिकीची बोलणी असोत, भावाभावांचं भांडण मिटवायचं असो, आपल्याकडे सगळं बंदीत. आणि तू लिहितेस, जुलै सोडून ये. येऊ नको म्हणायचं होतं तर तसं लिहायचंस. इतक्या लांबून वळसा घालायची काय गरज होती?

बाराव्याच्या दिवशी तू विचारलंस की आईला कधीपासून दुखत होतं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "लेक घरात असती तर आयसचं दुखनं तिला कळलं असतं." तू ताटावरून उठलीस. ते वाक्य मला आठवतं. तू विसरली असशील असं म्हणण्याइतका मी खुळा नाही. त्या वाक्याचं उत्तर म्हणून तू जुलै सोडून लिहिलं असशील, तर तेही समजलं.

लग्नाचंही तसंच झालं होतं. कैलास तेव्हा तारापूरच्या कंपनीत होता, तू डिसेंबरात त्याचं नाव काढलंस. मी नाही कुठे म्हटलं होतं? "बंदीत बोलू" म्हटलं. तू मार्चमध्ये त्याच्याबरोबर निघून गेलीस. तीन महिने थांबायला काय झालं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

होडीवरच्या नीलेशला सांगून नऊ जुलैचं तिकीट काढून घेतलंय. बोरिवलीहून चंदीगड. दार उघडायचं की नाही ते तू बघ.

बाबा


नवापूर, २ जून

भाविका,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. तुझं अक्षर अजून उजवीकडे कलतं.

तू लिहितेस की जुलैत तिकडे डोंगर खचतात, रस्ते वाहून जातात, काल्क्याची छोटी आगगाडी बंद पडते, गेल्या वर्षी तुमचे पाहुणे चार दिवस अडकले आणि म्हणून तुम्ही सगळ्यांनाच तसं सांगता. ऑक्टोबरात आकाश धुतल्यासारखं असतं, तेव्हा ये. मी वाचलं. म्हणजे तू मला नको म्हणत नव्हतीस. हे कळल्यावर मी पत्र घेऊन जयवंती वहिनींकडे गेलो आणि त्यांना दोनदा वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पोरगी सरळ लिहिते, तुमीच वाकडं वाचता. वहिनींना माझ्यात चांगलं काही कधी दिसलं नाही.

पण बाई, ऑक्टोबर कसा जमणार? दसरा-दिवाळी म्हणजे आमचा मोसम. पापलेट तेव्हा येतं. तांडेल मोसमात होडी सोडून थंड हवा खायला गेला, असं नवापुरात कधी झालेलं नाही. चाळीस वर्षं दर्यावर गेली माझी, मला पावसाची भीती घालू नकोस. जुलैतच येतो.

तयारी सुरू आहे. पहिली सूचना गरम कपड्यांची, म्हणून होडीच्या कागदासाठी कोळगावच्या कचेरीत गेलो होतो, तसाच पुढे पालघरच्या बाजारात शिरलो. मे संपत आलेला, अंगाची लाही लाही, आणि मी म्हणतो स्वेटर दाखव. दुकानदाराने पंखा माझ्याकडे वळवला. त्याला वाटलं ऊन लागलंय. मग माळ्यावर चढून एक तपकिरी काढून दिला. घालून बघितला, दोन मिनिटांत घामाने भिजलो. सूचनेत लिहिलंय की एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ बरे. हे आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

प्लॅस्टिकच्या पिशव्या चालत नाहीत, ही चौथी सूचना. माझं सगळं सामान आयुष्यभर प्लॅस्टिकमध्ये, नाहीतर दर्यात भिजतं. आता तुझ्या आईची बाजाराची कापडी पिशवी घेतली आहे. ती धुतली तरी मासळीचा वास जात नाही. तुझ्या पाहुण्यांना चालेल का ते विचार.

सुकट आणू की नको, ते तू लिहिलं नाहीस. तुझी आई बोईसरच्या पोस्टातून तुला सुके बोंबील पाठवायची, माझ्यापासून लपवून. घरभर वास आणि तिला वाटायचं मला कळत नाही. मी कधी बोललो नाही. तेवढं एक बरं केलं असं म्हणतो.

बाबा


नवापूर, १२ जुलै

भाविका,

तू नीलेशच्या मोबाइलवर पाठवलेलं चित्रण बघितलं. अख्खा डोंगर झाडांसकट खाली येतो आणि रस्ता होता तिथे काही राहत नाही. नीलेशने ते मला तीनदा दाखवलं आणि म्हणाला, "काका, दर्यात पोवता येतं. त्या चिखलात काय करनार हाव तुमी?" तिकीट त्यानेच परत केलं. तू बरोबर होतीस. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

पिशवी भरलेली तशीच आहे. बाहेर काढलं तर ठेवायचं कुठे, असा प्रश्न पडतो. तसं घर रिकामंच आहे.

तुला खरं सांगतो, बंदी मला कधी इतकी लांब वाटली नव्हती. दर्यावर असलो की माणसं असतात, शिव्या द्यायला खलाशी असतात. बंदीत मी आणि तुझी आई ओटीवर बसून जाळी दुरुस्त करायचो. ती सुई दोऱ्याने भरून द्यायची, मी विणायचो. एक सुई संपायच्या आत दुसरी भरलेली पुढे यायची, मला मान वर करावी लागायची नाही. आता मीच भरतो, मीच विणतो. सुई संपली की हात पुढे जातो आणि मग थांबतो. काम निम्म्याने मागे पडलंय. वहिनी मदतीला येऊ का म्हणाल्या, मी नको म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही. मला फार एकटं वाटतं, भाविका. हे मी दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही, आणि तुलाही सांगायचा मला किती हक्क आहे ते ठाऊक नाही.

तुझ्या सूचना आता पाठ झाल्या आहेत. पाणी उकळून प्या. मॉल रोडवर गाडी जात नाही, चालावं लागतं, दम लागला तर बाकावर बसा, लाज धरू नका. काल्क्याच्या छोट्या गाडीत खिडकी मिळाली तर डोकं बाहेर काढू नका, बोगदे शंभरावर आहेत. दुपारी ओटीवर बसून मी तो प्रवास करतो. काल बोगदे मोजत मोजत झोप लागली.

एक गोष्ट होती, ती तुझ्यासमोर बसून सांगणार होतो. आता ती राहिली. कागदावर लिहायची हिंमत होत नाही.

बाबा


नवापूर, १९ ऑगस्ट

भाविका,

ऑक्टोबरात येतो.

झालं, लिहिलं एकदाचं. अकरा ऑक्टोबरची गाडी आहे, तिकीट हातात आहे. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला, होड्या गेल्या, पहिली खेप बरी आली. परत येताना मी नीलेशच्या हातात सुकाणू दिलं आणि म्हटलं, ऑक्टोबरात दहा दिवस तू तांडेल. त्याला वाटलं मी आजारी आहे. खलाशी एकमेकांकडे बघायला लागले. बंदरावर उतरलो तोवर सगळ्या गावाला कळलं होतं, आणि संध्याकाळी चार जण तब्येत विचारून गेले.

एका म्हाताऱ्याने तर तोंडावर विचारलं की मोसमात होडी सोडून लेकीकडे जायचं म्हणजे काय झालंय काय. मी म्हटलं, थंडी बघायची हाय. त्याला ते पटलं नाही. मलाही पटलं नसतं.

हे कसं ठरलं ते नीट सांगता येत नाही. जुलैभर घरात बसून एवढंच कळलं की मी पुढच्या जुलैची वाट बघतोय. तोवर मी असेन का, तू बोलावशील का, काही भरवसा नाही. मग वाटलं की पापलेट दरवर्षी येतंच.

चढाची काळजी करू नकोस. वाळूत चालणारा माणूस आहे मी. गुडघे दुखतात, पण ते इथेही दुखतात.

बाबा


नवापूर, ७ सप्टेंबर

भाविका,

तुझं पत्र परवा आलं आणि तेव्हापासून मी नीट जेवलेलो नाही.

तू लिहिलंस की ऊन येणारी खोली माझ्यासाठी राखून ठेवली आहेस, त्या दहा दिवसांत तिथे गिऱ्हाईक घेणार नाहीस. कैलास घ्यायला काल्क्यापर्यंत येणार. पहाटे तिथे गारठा असतो म्हणून कानटोपी आण, पहिल्या दिवशी फक्त झोप, दुसऱ्या दिवशी देवदारांच्या वाटेने हळूहळू जाऊ. हे सगळं वाचताना मी हसत होतो. आणि शेवटी तू लिहिलंस, 'बाराव्याला तू बोललास ते खरंच होतं बाबा. मी आईजवळ असायला हवं होतं. मी रोज तेच म्हणते.'

ते खरं नव्हतं. आता तुझ्यासमोर बसून सांगायची वाट बघत बसलो तर मी तुझ्या उन्हाच्या खोलीत चोरासारखा राहीन. म्हणून आत्ताच लिहितो. वाचून झाल्यावर येऊ नको म्हणालीस तरी चालेल. चालणार नाही, पण मी ऐकेन.

तुझ्या आईने मला सांगितलं होतं. मागच्या वर्षी, दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी. ती काठीवर बोंबील वाळत घालत होती, मी घाईत होतो. ती म्हणाली, "पोटात सारखं ठसठसतंय. बोईसरला दाखवून येव का?" मी म्हटलं, "आता पापलेट लागलंय नलू. बंदीत दाखवू." ती बरं म्हणाली आणि पुढचा बोंबील घातला.

एवढंच झालं. भांडण नाही, रडणं नाही. दिवाळीनंतर तिने जेवण कमी केलं तेव्हा मी विचारलं, ती म्हणाली बंदी आता किती लांब हाय. माझीच रीत ती मला सांगत होती. जानेवारीत टोपली उचलताना ती बंदरावर बसली ती उठली नाही, तेव्हा मी तिला बोईसरला नेलं. तिथून मुंबईला पाठवलं. तिथल्या डॉक्टरने विचारलं, दुखणं केव्हापासून. मी म्हटलं, पंधरा दिवस. तुझ्या आईने माझ्याकडे बघितलं. डॉक्टर म्हणाला की चार महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

ती एकटी जाऊ शकली असती, वहिनींना घेऊन जाऊ शकली असती, असं मी मनात फार वेळा म्हटलं. ते खोटं नाही. पण या घरात सगळं माझ्या सवडीने करायची सवय तिला मी लावली. तुलाही लावायला गेलो होतो. तू डिसेंबरात कैलासचं नाव घेतलंस तेव्हा मला तुझं ऐकायला एक संध्याकाळ पुरली असती.

बाराव्याला तू विचारलंस तेव्हा मला वाटलं, आता सगळ्यांना कळणार. मी घाबरलो. घाबरून तुझ्यावर ढकललं. सगळी माणसं तुझ्याकडे बघायला लागली आणि मला, सांगायला लाज वाटते, बरं वाटलं. मग तू ताटावरून उठलीस.

तू रोज जे म्हणतेस ते म्हणू नकोस. तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं.

बाबा


नवापूर, ११ ऑक्टोबर

भाविका,

आज गाडीचा दिवस. मी घरी आहे, तू सांगितलंस तसा.

तुझं पत्र यायला बत्तीस दिवस लागले. मी रोज पोस्टमनच्या वेळेला ओटीवर असायचो. त्याने शेवटी मला लांबूनच हाताने नाही म्हणायला सुरुवात केली. परवा मात्र तो सायकलवरून उतरला. एकच पान आहे. 'बाबा, आठ महिने मी स्वतःला दोष देत होते आणि तू देऊ दिलास. आत्ता येऊ नको. मला तुझ्याशी भांडायलासुद्धा अजून जमणार नाही. मी कधीच बोलणार नाही असं नाही. केव्हा ते मला माहीत नाही.'

मी ते समजलो. या वेळेला वाकडं वाचलं नाही.

नीलेश आज पहाटे होडी घेऊन गेला. कालच म्हणत होता, काका, तिकडे जायचं नाय तर दर्यावर तरी चला, पापलेट लागलंय. मी नाही म्हटलं. हे दहा दिवस मी तुला दिले होते. तुला ते नको असले तरी परत घेऊन दर्याला देणं मला बरोबर वाटलं नाही. मोसमात घरी बसलेला तांडेल कसा दिसतो ते गाव येता-जाता बघून घेतंय. वहिनींना मी सगळं सांगितलं, तुझ्या आईचं आणि बाराव्याचं. त्या उठून घरी गेल्या. आज त्यांच्याकडून रोजचं कालवण आलं नाही. येईल किंवा नाही येणार. मी भात शिजवलाय.

दुपारी दोन होड्या परत आल्या, बायकांचा गलका ऐकू आला. मी गेलो नाही. दहा दिवस असेच जातील, आणि नंतर मी पाण्यात जाईन. पण नीलेशला आता सुकाणू धरायची सवय होईल, म्हणजे मला कधीही निघता येईल.

या घरात आजवर सगळ्यांनी माझ्या बंदीची वाट बघितली. तू बघितली नाहीस म्हणून मी आठ वर्षं रागावलो. तुझी आई बघत राहिली. आता मी बघतो. उद्या ये म्हणालीस तर उद्या निघेन, भर मोसमात होडी भरलेली असली तरी निघेन. जुलैत म्हणालीस तर जुलैत, रस्ता असेल तिथपर्यंत येईन आणि पुढचं चालेन. पाच वर्षांनी म्हणालीस तर गुडघ्यांना तसं सांगून ठेवतो.

महिना तू ठरव.

बाबा